शाकारणीचा इतिहास : भिवंडी–वसई खाडीकाठचे गावचॅपेल

स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की त्याचा क्रम जवळपास ठरलेला असतो. पायाभरणीचे साल, पहिल्या धर्मगुरूंचे नाव, आशीर्वादविधीचा समारंभ आणि मग पुढच्या पदाधिकाऱ्यांची यादी. मोठ्या चर्चला हा क्रम पुरतो, कारण त्याचे कागद बिशपांच्या कचेरीत असतात आणि शिलालेख दारावर असतो. गावातल्या छोट्या कॅथलिक चॅपेलला तो पुरत नाही. तिथे पहिला दगड कोणी ठेवला हे सांगणारा लेख सहसा नसतो, आणि भिंतीवर एखादे साल कोरलेले असलेच तर ते बहुधा शेवटच्या दुरुस्तीचे असते. त्यामुळे अशा वास्तूला सांगण्यासारखा इतिहासच नाही, असा समज सहज होतो. तो समज चुकीचा आहे, हे दाखवण्यासाठी हा लेख आहे. गावचॅपेल ही गावाने चालवलेली संस्था आहे आणि तिचा खरा इतिहास पायाभरणीत शोधण्यापेक्षा दर पावसाळ्याआधी होणाऱ्या शाकारणीत, म्हणजे छपराच्या डागडुजीत, शोधायला हवा. ज्या छपराकडे माणसे वर्षानुवर्षे लक्ष देतात तेच टिकते, आणि ज्याचे छप्पर टिकते त्याच्यामागे एक जिवंत संस्था उभी असते. खाडीकाठच्या सुमारे सातशे वर्षांच्या घडामोडी या विधानाला भक्कम आधार देतात.

भिवंडीतल्या वाचकाने हा इतिहास वसई–ठाण्यापासून का वाचावा, याचे उत्तर भूगोलात आहे. भिवंडी तालुक्याची पश्चिमेकडची शीव वसई तालुक्याला भिडते. कामवारी नदी भिवंडीचे पाणी खाडीत नेते आणि उल्हास नदी साष्टी बेटाच्या टोकाशी दुभंगून एक फाटा ठाण्याकडे, दुसरा वसईकडे पाठवते. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली आणि वसई–साष्टीचा पट्टा दोनशे वर्षे त्यांच्या अमलाखाली राहिला. कल्याण–भिवंडीचे राजकारण मात्र वेगळ्या वाटेने गेले. निजामशाही आणि आदिलशाहीनंतर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. वसईत गावोगावी सोळाव्या-सतराव्या शतकातली चर्चे दिसतात आणि भिवंडीत तशी रांग दिसत नाही, याचे मुख्य कारण ही राजकीय सीमा आहे. तरीही खाडी भिंतीसारखी कधीच नव्हती. शिवाजी महाराजांचे आरमार कल्याण–भिवंडीच्या बंदरांत आकार घेत होते, तेव्हा जहाजे बांधण्याच्या कामावर रुय लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज तज्ज्ञ आणि त्याच्या हाताखालचे कारागीर होते. ही १६५९ च्या सुमाराची गोष्ट आहे. पुढे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना हे काम सोडायला लावले. म्हणजे सीमा कागदावर होती, तरी माणसे, लाकूड, चुना आणि कसब पाण्यावरून इकडून तिकडे जात होते. आज वसई–दिवा रेल्वेमार्ग कामण, खारबाव आणि भिवंडी ही ठाणी जोडतो तीच ही जुनी वाट. भिवंडी परिसरातल्या छोट्या प्रार्थनास्थळांची घडण समजून घ्यायची तर या वाटेने पश्चिमेकडे जावेच लागते.

या पट्ट्यातला ख्रिस्ती वावर पोर्तुगीजांपासून सुरू झाला, असे मानण्याचीही सवय आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, १३२१ मध्ये, ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मप्रसारक मारले गेले. त्यांची हकीकत ओदोरिक या इटालियन प्रवाशाने लिहून ठेवली आणि जॉर्डनस या त्यांच्या दोमिनिकन सोबत्याच्या पत्रांतूनही ती युरोपात पोहोचली. ओदोरिकच्या वृत्तांतानुसार तेव्हा ठाण्यात नेस्तोरियन पंथाच्या ख्रिश्चनांची पंधरा घरे होती आणि या पाहुण्यांना आसरा मिळाला तो अशाच एका घरात. पोर्तुगीजांचे जहाज या किनाऱ्याला लागण्याच्या जवळपास दोनशे वर्षे आधीची ही नोंद आहे. त्या पंधरा घरांची प्रार्थना कुठे होत असे, ती जागा कशी होती, याचा एकही दगड आज दाखवता येत नाही. व्यापारानिमित्त बंदरात वसलेली ती कुटुंबे होती. त्यांच्यामागे शेत, गावठाण आणि पिढ्यांचा शेजार असलेले गाव नव्हते. श्रद्धा होती, पण तिचे छप्पर दरवर्षी राखील अशी वस्ती उरली नाही. हा पहिला दाखला लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे तोच नियम अधिक मोठ्या प्रमाणावर दिसतो.

वसईच्या किल्ल्यात तो नियम दगडात वाचता येतो. तटाच्या आत सेंट जोसेफचे मुख्य चर्च, जेझुइटांचे येशूच्या पवित्र नावाचे चर्च, फ्रान्सिस्कनांचे सेंट अँथनी, दोमिनिकनांचे साऊं गोंसालो आणि ऑगस्टिनियनांचा मठ अशी एकाहून एक मोठी बांधकामे आहेत. त्यांच्या अवशेषांत काय उरले आणि काय गेले हे नीट पाहावे. वेदीवरची आणि बाजूच्या उपवेदींवरची दगडी अर्धगोल छते बऱ्याच ठिकाणी अजून तग धरून आहेत. दर्शनी भागाचे खांब, कमानी आणि जमिनीतले थडग्यांचे कोरीव दगड दिसतात. मधल्या विस्तीर्ण दालनावरचे लाकडी छप्पर मात्र बहुतेक ठिकाणी नाहीसे झाले आहे. तुळया कुजल्या असोत की कोणी काढून नेल्या असोत, परिणाम एकच झाला. एकदा बांधून विसरता येण्यासारखे जे होते ते राहिले आणि ज्याला दरवर्षी हात लावावा लागतो ते आधी गेले. सेंट जोसेफच्या १६०१ सालच्या लेखात चर्चच्या पुनर्बांधणीची नोंद आहे आणि त्यात गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांचे नाव आहे. एवढ्या मोठ्या पदाचे नाव कोरलेली वास्तू उघडी पडली. सांडोर, नंदाखाल, पापडी, रमेदी, आगाशी, माणिकपूर या गावांतली उपासना मात्र थांबली नाही. कोसळलेले पुन्हा बांधले गेले, लहान पडले ते वाढवले गेले.

गावचॅपेलची रचना पाहिली की या टिकाऊपणाचे कारण कळू लागते. त्याचा मूळ आराखडा अगदी साधा असतो. लांबट चौकोनी दालन, एका टोकाला वेदी, दुसऱ्या टोकाला दार, आणि दाराच्या वर त्रिकोणी माथ्यावर क्रूस. दालनाला खांबांच्या रांगा नसतात, कारण घरावर घालतात तेवढ्याच लांबीच्या तुळईने रुंदी भागवलेली असते. गावातल्या सुताराला जे येते त्यातच छप्पर बसते. दाराबाहेर पडवी किंवा ओटा असतो. सणाच्या दिवशी आत न मावणारी माणसे तिथे उभी राहतात आणि एरवी भिंतीवर येणारा पावसाचा मारा ती पडवी अडवते. वेदीमागच्या भिंतीत पवित्र मरिया किंवा गावच्या पालक संताच्या मूर्तीसाठी कोनाडा असतो. घंटा मनोऱ्यात नसेल तर माथ्यावरच्या छोट्या कमानीत किंवा दाराशेजारी टांगलेली असते. जवळच उघड्यावर खुरीस, म्हणजे क्रूस, असतो आणि पुष्कळ ठिकाणी तो चॅपेलपेक्षा जुना असतो, कारण आधी खुरीस, मग त्यावर मांडव, मग भिंती आणि शेवटी चॅपेल अशा क्रमानेच ही वास्तू वाढत जाते. मोठ्या चर्चच्या दर्शनी भागावर युरोपातल्या पुस्तकांतून आलेली खांब आणि कमानींची मांडणी दिसते. गावचॅपेल तिच्यातली एखादीच खूण उचलते, दारावरची अर्धगोल कमान किंवा माथ्याच्या दोन टोकांवरचे छोटे कळस, आणि बाकी सगळे शरीर खाडीकाठच्या घराचे ठेवते. म्हणून त्याला मोठ्या चर्चची लहान नक्कल म्हणणे बरोबर नाही. त्याचा पाया घराच्या बांधणीत आहे.

साहित्याच्या बाबतीतही हाच विवेक दिसतो. वसईचा काळा दगड इतका नावाजलेला होता की ओल्ड गोव्यातल्या बॉम जेझुस बॅसिलिकेच्या दर्शनी भागासाठी तो इथून नेला गेला. घडीव दगडाचा हा खर्च राजदरबार आणि धर्मसंघ करू शकत. गावचॅपेलच्या वाट्याला ओबडधोबड दगड, शिंपल्यांचा चुना, रानातले लाकूड आणि कौले आली. आधीच्या काळात ताडाचे झाप आणि भाताचा पेंढाही चाले. पुढे कुंभाराच्या हाताची देशी कौले आली आणि १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर यंत्रावरची सपाट मंगळुरी कौले हळूहळू साऱ्या कोकणपट्टीवर पसरली. इथला पाऊस वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटरच्या घरात जातो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. १६१८ च्या मे महिन्यात आलेल्या वादळाने वसईतल्या चर्चांचे मोठे नुकसान केल्याची नोंद आहे. अशा हवेत उताराचे छप्पर, पुढे आलेली वळचण आणि चुन्याची सफेदी यांना पर्याय नव्हता. चुन्याचा गिलावा भिंतीतला ओलावा बाहेर जाऊ देतो, म्हणून दरवर्षीची सफेदी ही शोभेइतकीच भिंतीच्या आरोग्याची गोष्ट होती. कौल फुटते, सरकते, माकडे आणि वारा त्याला हलवतात. एक पावसाळा दुर्लक्ष झाले तर वासा भिजतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात तो मोडतो. तेव्हा शंभर वर्षे उभ्या असलेल्या चॅपेलकडे पाहताना शंभर वेळा कोणीतरी वर चढले होते, वर्गणी जमली होती, कुंभाराला आणि सुताराला मोबदला दिला गेला होता, हे गृहीत धरावेच लागते. हा पुरावा कुठल्याही दानपत्राइतकाच खणखणीत आहे.

१७३९ चे वर्ष या संस्थेची खरी परीक्षा ठरले. चिमाजी अप्पांच्या मराठा फौजेने मे महिन्यात वसई जिंकली. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिश्चनांच्या उपासनेला मोकळीक देण्याची हमी होती. पोर्तुगीज सरदार, सैनिक आणि धर्मसंघांचे बहुसंख्य साधू निघून गेले. त्यांच्याबरोबर जमिनींचे उत्पन्न, शाळा, मठ आणि दरबारी वजनही गेले. मागे उरले ते भात पिकवणारे, ताडी काढणारे, मीठ करणारे आणि मासे मारणारे लोक. या लोकांचा धर्म दरबाराच्या आधारानेच टिकला असता, तर पुढच्या दोन पिढ्यांत तो ओसरायला हवा होता. तसे झाले नाही. १७६० च्या सुमारास साष्टीतून प्रवास केलेल्या आंकेतिल-द्युपेरॉन या फ्रेंच विद्वानाने मराठ्यांच्या अमलात ख्रिस्ती लोक उघडपणे सण साजरे करतात आणि देशी पाद्री त्यांची सेवा करतात, असे लिहून ठेवले आहे. त्यात मराठी राज्यकर्त्यांच्या व्यवहारी सहिष्णुतेचा वाटा आहे आणि तो मोकळेपणाने मान्य करायला हवा. पण परवानगी मिळाली म्हणून वास्तू आपोआप उभी राहत नाही. परवानगी राज्यकर्त्यांनी दिली, शाकारणी गावाने केली.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा येईल की मुळात ही चर्चे आणि चॅपेले राजाच्या पैशाने उभी राहिली, आणि किल्ल्यातली चर्चे पडली ती वेढा, तोफा आणि शहर ओस पडल्यामुळे. मग त्यावरून गावाच्या संस्थेचे मोठेपण कसे सिद्ध होते? आक्षेपातली पहिली बाजू खरी आहे. धर्मसंघांना गावांचे उत्पन्न मिळत होते आणि त्याच बळावर त्यांनी बांधकामे केली. दुसऱ्या बाजूबद्दल मात्र बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराकडे पाहावे. तिथे किल्ला नव्हता आणि वसईसारखा वेढाही पडला नव्हता. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन साधू आंतोनियो दो पोर्तो याने तिथल्या शैव लेण्याचे चॅपेल केले आणि वर मठ व विद्यालय उभे राहिले. त्याला पोर्तुगालच्या राजाचा आश्रय होता. १७३९ नंतर आश्रय संपला तसा मठही संपला आणि आज टेकडीवर त्याच्या उघड्या भिंती दिसतात. त्याच परिसरातल्या गावांतले ख्रिस्ती मात्र राहिले आणि त्यांची उपासना पुढे चालू राहिली. फरक तोफांचा नव्हता. ज्या वास्तूचा खर्च बाहेरून येत होता ती बाहेरचा ओघ थांबताच पडली आणि ज्या वास्तूचा खर्च गाव सोसत होते ती राहिली.

मंडपेश्वराचे नाव घेतले की दुसरा, अधिक जिव्हारी लागणारा आक्षेप समोर येतो. या साऱ्या परंपरेच्या मुळाशी परकी सत्तेचा दाब होता, देवळे पाडली गेली, लेण्यातल्या शिल्पांवर क्रूस कोरला गेला. मग या इतिहासाचा गौरव कसा करायचा? स्मरणिकेने हा प्रश्न टाळू नये. सोळाव्या शतकात वसई–साष्टीत देवळांचा विध्वंस झाला आणि धर्मांतरामागे सवलतींचा व सक्तीचाही हात होता, हे नोंदवलेच पाहिजे. ते लपवून लिहिलेला इतिहास चॅपेलच्या पायालाच कमकुवत करतो. मात्र सुरुवात कशी झाली आणि पुढे ती गोष्ट कोणाची झाली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १७३९ नंतर ख्रिस्ती राहण्यात दरबारी फायदा उरला नव्हता, उलट सोडून देण्याची वाट मोकळी होती आणि काहींनी ती घेतलीही. ज्यांनी ती घेतली नाही त्यांनी आपल्या निवडीने हा धर्म आपला केला. सत्तेच्या छायेत आलेली गोष्ट सत्ता गेल्यावर पाळली गेली की ती पाळणाऱ्यांची होते. गावचॅपेल हे त्या दुसऱ्या, स्वेच्छेच्या काळाचे स्मारक आहे. त्याचा मान ठेवताना पहिल्या काळातल्या अन्यायाचे समर्थन करावे लागत नाही.

हा धर्म गावाचा झाला याची साक्ष चॅपेलात होणाऱ्या गोष्टींतूनही मिळते. सतराव्या शतकात फ्रान्सिस्को वाझ द गिमारांइश या धर्मगुरूने येशूच्या दुःखसहनावर मराठीत पुराण रचले आणि उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती गावांत ते उपवासकाळात पिढ्यानपिढ्या गायले गेले. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणाची कीर्ती मोठी आहे, पण गिमारांइशच्या पुराणाने या पट्ट्यातल्या सामान्य माणसाच्या ओठांवर घर केले. भात तयार झाले की नव्या कणसांना आशीर्वाद देण्याचा आगेऱ्याचा सण येतो. तो भाताच्या शेतीचा सण आहे आणि भिवंडीतल्या आगरी शेजाऱ्याला त्यातले काहीही परके वाटणार नाही. नोव्हेनाचे नऊ दिवस, संताचे फेस्त, संध्याकाळी खुरीसाजवळची लदीन ही सामूहिक प्रार्थना, या सगळ्याला धर्मगुरूंची उपस्थिती रोज लागत नाही. एकेका धर्मगुरूकडे अनेक वाड्या असत, पावसाळ्यात चिखलातून त्यांना येणे जमत नसे, आणि तरी प्रार्थना थांबत नसे. १८९६ च्या प्लेगच्या साथीत मुंबई–साष्टीच्या गावठाणांत कितीतरी खुरीस उभे राहिले आणि त्यांवरची साले आजही वाचता येतात. साथीच्या धास्तीत लोक आपल्या आळीतच एकत्र आले आणि त्यांनी तिथेच प्रार्थनेची जागा केली. पुढे अशा खुरीसांवर छप्परे आली. चॅपेल जन्माला येते ते असे, गरजेतून आणि गावाच्या निर्णयाने.

निर्णय गावाचा होता याला एकोणिसाव्या शतकातले अधिकाराचे भांडणही दुजोरा देते. पोर्तुगालच्या राजाच्या पाद्रोआदो हक्काखालचे गोव्याचे धर्माधिकारी आणि रोमच्या प्रोपागांडा विभागाने नेमलेले व्हिकर अपोस्तोलिक यांच्यात मुंबई परिसरात दीर्घकाळ वाद चालला. इंग्रजांनी १७२० मध्ये मुंबईतून पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना काढून कार्मेलाइटांना आणले आणि १७९४ पासून दोन्ही अधिकार शेजारी शेजारी नांदू लागले. १८८६ च्या करारात मुंबई आर्चडायोसिस झाली, पण दुहेरी अधिकार पूर्ण संपायला १९२८ उजाडले. या काळात कोणाचे धर्मगुरू मानायचे, किल्ली कोणाकडे द्यायची, फेस्ताचा खर्च कोणी करायचा यावर गावे बोलली, भांडली, प्रसंगी फुटलीही. या भांडणांची आज लाज वाटण्याचे कारण नाही. जी वास्तू आपली नाही तिच्या किल्लीसाठी कोणी भांडत नाही. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी मुंबई–साष्टीच्या मूळ ख्रिश्चनांनी ईस्ट इंडियन हे नाव घेऊन संघटना काढली, त्याआधीच त्यांना गावपातळीवर संस्था चालवण्याचा असा दीर्घ सराव झालेला होता.

तिसरा आक्षेप वास्तुशास्त्राच्या बाजूने येतो. दरवर्षी कौले बदलली, भिंती रंगवल्या, पडवी वाढवली, मग यात जुने काय उरले? ज्यात मूळ साहित्यच नाही त्याला वारसा कसे म्हणायचे? हा प्रश्न दगडाला प्रमाण मानणाऱ्या विचारातून येतो आणि त्या विचाराला खुद्द जगातच मर्यादा पडल्या आहेत. जपानमधले इसेचे शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने पुन्हा बांधतात आणि २०१३ मध्ये त्याची बासष्टावी पुनर्बांधणी झाली. त्यातले लाकूड जुने नाही, पण कसब आणि विधी जुने आहेत. जपानमध्येच १९९४ साली नारा येथे झालेल्या परिषदेने वारशाचा अस्सलपणा केवळ साहित्यावर ठरवू नये, त्याचा वापर, परंपरा आणि कारागिरीही पाहावी, असे मान्य केले. आपल्याकडच्या जीर्णोद्धाराच्या परंपरेला हे नवे नाही. गावचॅपेलचा अस्सलपणा त्याच्या आकारात, दिशेत, बांधणीच्या रीतीत आणि दुरुस्तीच्या सातत्यात आहे. याचा अर्थ कशीही दुरुस्ती चालते असा होत नाही. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि काही वर्षांत पापुद्रे सुटतात. म्हणजे दुरुस्तीची रीत बदलली की संस्थेबरोबर वास्तूलाही इजा होते.

विसाव्या शतकाने या संस्थेपुढे नवे प्रश्न ठेवले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेबद्दलचा जाहीरनामा काढला आणि पुढे मिस्सा लोकभाषेत होऊ लागली, वेदी भिंतीपासून पुढे आली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहिले. मोठ्या चर्चांना त्यासाठी बदल करावे लागले. लहान चॅपेलात मात्र शेवटच्या बाकावरचा माणूसही आधीपासूनच वेदीच्या हाकेच्या अंतरावर होता आणि गावाचे गाणे मराठीतच होते. वसई परिसरातल्या मराठी ख्रिस्ती जीवनाला १९९८ मध्ये स्वतंत्र वसई धर्मप्रांत मिळाला. पूर्वेकडे, यंत्रमाग आणि गोदामांच्या भिवंडीत, ख्रिस्ती समाजाची घडण आणखी वेगळी झाली. कामानिमित्त आलेली कुटुंबे केरळची, गोव्याची, मंगळूरची, वसईची, आणि तलासरीसारख्या आदिवासी भागातल्या मिशनांत शिकून बाहेर पडलेलीही. सिरो-मलबार परंपरेसाठी कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाला, त्यामागे हेच स्थलांतर होते. इथल्या चॅपेलला एका गावठाणाचा आधार नाही. १३२१ च्या ठाण्यातल्या त्या पंधरा घरांसारखाच धोका त्याच्यापुढे आहे, कारण बंदराच्या जागी आता कारखाना आला असला तरी येणे-जाणे तसेच आहे. त्यात स्लॅबचे छप्पर आले आणि दरवर्षीची शाकारणी संपली. गळतीची चिंता मिटली ही सोय आहे, पण वर्षातून एकदा सगळ्यांना एकत्र आणणारे कामही त्याबरोबर गेले.

इथे या इतिहासाचा व्यवहारी उपयोग सुरू होतो. संस्था टिकते ती नेमून दिलेल्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या जबाबदारीने, हे जर सातशे वर्षांच्या पुराव्यावरून खरे ठरत असेल, तर जिथे शाकारणी उरलेली नाही तिथे तिच्या जोडीची दुसरी जबाबदारी ठरवून घ्यावी लागेल. ती कोणती हे प्रत्येक चॅपेलच्या लोकांनी ठरवावे, पण काही कामे सगळ्यांनाच लागू पडतात. वास्तूचे मोजमाप घेऊन नकाशा काढावा आणि दर दहा वर्षांनी तो ताडून पाहावा. प्रत्येक दुरुस्तीची तारीख, साहित्य, कारागीर आणि खर्च एका वहीत लिहावा, कारण पुढच्या पिढीला सर्वांत जास्त लागेल ती हीच माहिती. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे काढून दोन ठिकाणी ठेवावीत. जमिनीचा सातबारा, विश्वस्त नोंदणीचे कागद आणि दानपत्रे एकत्र करावीत. ज्येष्ठांकडून पुराण, लदीन आणि फेस्ताच्या रीती ध्वनिमुद्रित कराव्यात. जुनी चुन्याची भिंत असेल तिथे चुन्यानेच दुरुस्ती करावी आणि ती करणारा गवंडी शोधून त्याच्याकडून दोन तरुणांना शिकवून घ्यावे. यातले कोणतेही काम खर्चिक नाही, पण प्रत्येकाला वर्षातला एक ठरलेला दिवस आणि एक ठरलेला माणूस लागतो.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती. आपल्या चॅपेलचे वय विचारताना पायाभरणीच्या सालावर थांबू नये. त्याची शेवटची दुरुस्ती कोणी केली, त्याआधीची कोणी केली, पुढच्या पावसाळ्याआधी काय करायचे आहे आणि ते कोणाच्या नावावर लिहिले आहे, हे विचारावे. आर्चबिशपांचे नाव कोरलेले वसईचे सेंट जोसेफ उघडे पडले आणि नाव नसलेल्या माणसांनी राखलेली गावांची देवघरे चालू राहिली, यातला धडा स्पष्ट आहे. पुढच्या पंचवीस किंवा पन्नास वर्षांनी या संस्थेचा इतिहास पुन्हा लिहायला बसणाऱ्याच्या हाती आपण दुरुस्तीची भरलेली वही दिली, तर त्याला अंदाजावर भिस्त ठेवावी लागणार नाही. आणि ती वही दरवर्षी भरली जात असेल, तर चॅपेलही उभे असेल.